कॉर्नेटचे दट्टे आणि त्यांचे बदली भाग

तुळशीचें लग्न लागलें कीं शहरांतून वरातींचे दिवस सुरू होतात, आणि पावसाळाभर ट्रंकांत निजलेलीं बँडवाल्यांचीं पितळी वाद्यें बाहेर पडतात. पहिल्या दोन-चार वरातींतच एखाद्या कॉर्नेटवादकाच्या ध्यानांत येतें कीं, आपलें वाद्य पूर्वींसारखें बोलत नाहीं. स्वर कोंडल्यासारखा निघतो. मधलें बोट दाबलें कीं सूर किंचित् घसरतो. वरच्या स्वरांसाठीं पूर्वींपेक्षां अधिक दम लागतो. प्रथम तो स्वतःच्या ओठांना दोष देतो, मग वयाला, आणि अखेरीस वाद्याला. ‘आतां हें म्हातारें झालें’ असें म्हणून तें मोडींत काढलें जातें. वडिलांच्या हातचें वाद्य असलें तर तें खुंटीला टांगून ठेवतात, एवढाच काय तो फरक. वस्तुतः त्या वाद्याचें पितळ शाबूत असतें, नळ्या शाबूत असतात, दट्टेही पुष्कळदां शाबूत असतात. झिजलेली असते ती कोटाच्या बटणाएवढी एक नमद्याची चकती. तिची किंमत कांहीं थोडे रुपये. पण ती योग्य जाडीची नसली तर सारें वाद्य खोटें बोलूं लागतें.

ही चकती एवढी महत्त्वाची कां, हें समजण्यासाठीं कॉर्नेटच्या पोटांत शिरावें लागेल. आपली तुतारी सर्वांच्या परिचयाची आहे. तिला भोकें नाहींत, चाव्या नाहींत. ओठांचा ताण कमी-अधिक केला म्हणजे त्या नळींतून कांहीं ठराविक स्वर तेवढे निघतात: षड्ज, त्यावरचा पंचम, पुन्हां षड्ज, मग गांधार, पंचम, याप्रमाणें. मधल्या जागा रिकाम्या. युरोपांतील तुतारीचीही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हीच स्थिति होती. व्हिएन्ना येथील आंटोन वायडिंगर या वादकानें नळीला भोकें पाडून त्यांवर चाव्या बसविल्या, आणि त्याच वाद्यासाठीं हायडननें १७९६ सालीं आपली प्रसिद्ध रचना केली. परंतु भोकांतून निघणारा स्वर आणि तोंडांतून निघणारा स्वर यांचा पोत एक राहत नसे. खरा मार्ग सांपडला तो नळीला भोक पाडण्याचा नव्हे, तर नळी क्षणार्धांत लांब करण्याचा. हाइनरिख श्टोल्त्सेल व फ्रीडरिख ब्ल्यूमेल या दोघां जर्मन वादकांनीं १८१८ सालीं प्रशियांत अशा झडपेचें पेटंट मिळविलें, आणि १८३८ च्या सुमारास पॅरिसमध्यें फ्रांस्वा पेरिने यानें तिला जें रूप दिलें तेंच रूप आजच्या कॉर्नेटच्या व ट्रंपेटच्या दट्ट्यांत दिसतें.

बी-फ्लॅट कॉर्नेटची नळी उलगडून सरळ केली तर ती सुमारें १४८ सेंटिमीटर भरेल. मधला, म्हणजे दुसरा दट्ट्या दाबला कीं तिच्यांत सुमारें ९ सेंटिमीटरांची भर पडते आणि स्वर अर्ध्या पायरीनें उतरतो. पहिला दाबला तर सुमारें १८ सेंटिमीटरांची भर पडून स्वर पूर्ण पायरीनें उतरतो. तिसरा दाबला तर सुमारें २८ सेंटिमीटरांची भर पडते आणि स्वर दीड पायरीनें उतरतो. तीन दट्ट्यांच्या जुळण्या आठ होतात. परंतु एकटा तिसरा आणि पहिला-दुसरा मिळून जवळजवळ एकच लांबी देतात, म्हणून उपयोगी लांब्या सात. तेवढ्यांवर सगळे स्वर भागतात.

येथें एक गोष्ट आधींच सांगून ठेवणें इष्ट आहे. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले असतां जो स्वर निघतो तो नव्याकोऱ्या वाद्यांतही थोडा चढाच असतो. हिशेब सरळ आहे. तेवढा स्वर उतरविण्यास मूळ नळींत जवळजवळ ५० सेंटिमीटरांची भर हवी. दोघे मिळून देतात ४६ च्या आसपास. उरलेली तूट वादकानें तिसऱ्या दट्ट्याची सरकती नळी बोटानें पुढें ढकलून भरून काढावयाची असते. तिन्ही दट्टे एकदम दाबले म्हणजे तर ही तूट आणखीच वाढते. हा दोष झिजेचा नव्हे, गणिताचा आहे; त्यासाठीं कोणी नमदे बदलूं लागला तर तो रोग एकाचा आणि औषध दुसऱ्याला देईल.

आतां प्रत्यक्ष दट्ट्या. ही धातूची एक पोकळ, पातळ भिंतीची लाट असते; ट्रंपेट-कॉर्नेटच्या दट्ट्याचा व्यास सुमारें १७ मिलिमीटर. तिच्या अंगावर सहा भोकें, आणि दोन-दोन भोकांना जोडणाऱ्या तीन आडव्या वाटा. दट्ट्या वर असतांना एक वाट मूळ नळीच्या तोंडांशीं जुळते आणि हवा सरळ पुढें जाते. दाबला कीं उरलेल्या दोन वाटा पुढें येतात. हवा एकींतून जादा नळींत शिरते आणि दुसरींतून परत येते. म्हणजे दट्ट्याला थांबण्याच्या जागा दोनच, एक वरची आणि एक खालची, आणि दोन्ही ठिकाणीं भोक भोकासमोर नेमकें आलें पाहिजे. नळीचें तोंड सुमारें साडेअकरा मिलिमीटरांचें असतें. त्यांत भोक एक मिलिमीटर वर किंवा खालीं राहिलें, तर हवेच्या वाटेंत तेवढ्या उंचीची पायरी उभी राहते. घराच्या दारांत नसती पायरी असली म्हणजे येणारा-जाणारा अडखळतो, तसा येथें ध्वनि अडखळतो.

दट्ट्याला नेमक्या जागीं थांबविण्याचें काम दोन चकत्या करतात. एक असते टोपणाच्या आंत, दट्ट्याच्या माथ्यावर. स्प्रिंगनें दट्ट्या वर फेकला कीं ही चकती टोपणाच्या आंतल्या अंगाला टेकते. ही कधीं नमद्याची, कधीं बुचाची, आणि आजकाल कृत्रिम रबराचीही असते. दुसरी असते टोपणाच्या बाहेर, बोटाच्या बटणाखालीं; बटण दाबलें कीं ती टोपणावर टेकते आणि दट्ट्या तेथेंच थांबतो. आंतली चकती चेपली तर दट्ट्या विसाव्याच्या वेळीं अधिक वर चढून बसतो. बाहेरची चेपली तर दाबल्यावर अधिक खालीं जातो. वर्षानुवर्षांच्या हजारों आघातांनीं दोन्ही चेपतात, तेलानें भिजतात, कडक होतात. हें इतक्या सावकाश घडतें कीं रोज वाजविणाऱ्यास पत्ता लागत नाहीं. धातूवर धातू आपटल्याचा ‘टक् टक्’ आवाज येऊं लागला म्हणजे मात्र समजावें कीं नमदा आतां नांवापुरताच उरला आहे.

दुरुस्तीला बसतांना टेबलावर जाडसर कापड अंथरावें आणि एका वेळीं एकच दट्ट्या बाहेर काढावा. दट्टे दिसावयास जुळ्या भावांसारखे असले तरी प्रत्येकावर १, २, ३ असा आंकडा कोरलेला असतो, आणि पहिला म्हणजे वादकाच्या तोंडाकडील. एकाच्या घरांत दुसरा शिरला तर वाटा जुळत नाहींत, आणि जबरदस्ती केली तर चरा पडतो. दट्टा आणि त्याचें नळकांडें यांमधील मोकळीक माणसाच्या केसाहूनही कमी असते, ही गोष्ट हातानें काम करतांना क्षणभरही विसरूं नये.

खालचें टोपण पुष्कळदां लाळ व जुनें तेल यांनीं घट्ट धरून बसतें. अशा वेळीं घरोघर पक्कड शोधली जाते, आणि येथेंच अर्ध्या वाद्यांचा घात होतो. पकडीच्या दाबानें नळकांडें किंचित् अंडाकृति झालें तर दट्ट्या कायमचा अडकूं लागतो. मग नमदे बदलून उपयोग काय? सांध्यावर पातळ तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवावें, आणि सकाळीं टोपणाच्या कडेवर लांकडी हातोडीनें सभोंवार हलके टोले द्यावे. एवढ्यानेंही तें सुटलें नाहीं तर वाद्य कारागिराकडे न्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

बाहेर काढलेला दट्ट्या कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवावा, मात्र नमदे आधीं उतरवून. पितळेचीं भांडीं चिंचेनें किंवा बाजारांतील पॉलिशनें लखलखीत करण्याची आपल्या घरांतील रीत उत्तम आहे. पण तो हात दट्ट्याला लागूं देऊं नये. चिंचेचें आम्ल धातु खातें आणि पॉलिशमधील खर तिला घासून काढते. समईवर त्याचा परिणाम दिसत नाहीं, दट्ट्यावर तो त्याच दिवशीं दिसतो. एखादा उत्साही मनुष्य अडकणाऱ्या दट्ट्याला पॉलिशकागद लावतो. त्या दिवशीं दट्ट्या सुरेख पळतो, आणि पुढें जन्मभर हवा गळते.

आतां नमदे. बोटाचें बटण उलट फिरवून काढलें कीं क्रमानें बाहेरची चकती, टोपण आणि आंतली चकती हातीं येतात. जुन्या चकतीची जाडी मोजून तेवढीच नवी आणणें ही सर्वांत सामान्य चूक होय. कारण जुनी चेपलेली आहे म्हणूनच तर ती बदलावयाची! तयार संचांतील चकत्याही डोळे मिटून घालूं नयेत. एकाच कारखान्याच्या दोन वाद्यांत अर्ध्या मिलिमीटराचा फरक सहज असतो. योग्य जाडी कोणती, हें चकतीला विचारून कळत नाहीं. भोकाला विचारावें लागतें.

त्यासाठीं दोनच साधनें लागतात: एक लहान बॅटरी, आणि दंतवैद्य वापरतात तसला दांडीचा इवलासा आरसा. दाबलेल्या स्थितीची तपासणी सोपी आहे. दुसऱ्या दट्ट्याची सरकती नळी उपसून काढावी, बटण पूर्ण दाबून धरावें आणि मोकळ्या तोंडांतून प्रकाश टाकून पाहावें. दट्ट्याचें भोक नळीच्या तोंडाशीं एकरूप झालें असेल तर स्वच्छ पूर्ण वर्तुळ दिसतें. चुकलें असेल तर एका बाजूस दट्ट्याच्या भिंतीची चकाकती चंद्रकोर दिसते. कोर वरच्या कडेला असेल तर दट्ट्या गरजेपेक्षां अधिक खालीं गेला आहे, म्हणून बाहेरची चकती जाड हवी. कोर खालच्या कडेला असेल तर तो पुरेसा उतरत नाहीं, म्हणून ती पातळ हवी. विसाव्याच्या स्थितीत मात्र या वाटेनें भोक दिसत नाहीं, दट्ट्याची कोरी भिंतच दिसते. त्यासाठीं शेजारचा दट्ट्या बाहेर काढावा, त्याच्या रिकाम्या नळकांड्यांत आरसा सोडावा, आणि दोहोंना जोडणाऱ्या आंखूड नळींतून पलीकडच्या दट्ट्याचें भोक न्याहाळावें. येथें कोर वरच्या कडेला दिसली तर दट्ट्या खालीं बसला आहे, म्हणून आंतली चकती पातळ करावी. खालच्या कडेला दिसली तर तो वर चढला आहे, म्हणून ती जाड करावी.

या कामांत एक मोठी सोय आहे. आंतली चकती बदलल्यानें खालची थांबण्याची जागा हलत नाहीं, आणि बाहेरची बदलल्यानें वरची हलत नाहीं. दोन्ही हिशेब स्वतंत्र आहेत, एकाची चूक दुसऱ्यांत मिसळत नाहीं. मात्र टोपण दर वेळीं आटे संपेपर्यंत पूर्ण फिरवून बसवावें. तें अर्धा आटा सैल राहिलें तर दोन्ही जागा एकदम वर सरकतात, आणि दुरुस्त करणारा बिचारा नमद्यांना शिव्या देत बसतो.

नमदा घट्ट विणीचा, सर्वत्र एकसारख्या जाडीचा असावा. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे असा नमदा बहुधा मिळतो, आणि चामड्यास भोकें पाडण्याच्या पोकळ पंचानें त्याच्या सुबक चकत्या निघतात. जाड झालेली चकती कात्रीनें सोलूं नये. बारीक पॉलिशकागदावर सपाट धरून घासावी. नवा नमदा पहिल्या आठवड्यांत थोडा दबतोच. म्हणून पहिल्या दिवशीं तो केसभर जाड ठेवावा, आणि आठ दिवसांनीं पुन्हां आरसा घेऊन बसावें.

स्प्रिंगांविषयीं लोकांत एक घातक समजूत आहे. स्प्रिंग मंद झाली कीं ती दोन्ही हातांनीं ताणून लांब करावयाची! ताणलेली स्प्रिंग चार दिवस उसळी मारते. पण तिचे वेढे आतां सारख्या अंतरावर नसतात, ती दाबली कीं एका अंगाला कलते, आणि दट्ट्याला भिंतीवर रेटते. जेथें रेटते तेथें झीज होते. नवीन स्प्रिंग घ्यावी तर ती त्याच लांबीची व त्याच व्यासाची, फॉस्फर-ब्रॉंझची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची असावी. एकच बदलूं नये, तिन्ही एकदम बदलाव्या. नाहींतर तीन बोटांना तीन निरनिराळे भार जाणवतात आणि द्रुत लयींत हात फसतो. कांहीं वाद्यांत स्प्रिंग दट्ट्याच्या खालीं, तळाच्या टोपणावर उभी असते, तर कांहींत ती माथ्यावरील लहानशा पेटींत असते. खालची असेल तर ती टोपणाच्या मधोमध बसली कीं नाहीं तें पाहून मगच आटे फिरवावे. वादकाचें बोट उचललें जाण्यापूर्वींच दट्ट्या वर आलेला असावा, इतकी स्प्रिंग तत्पर हवी. गोव्यांतील आल्दोना गांवचे चिक चॉकलेट (१९१६–१९६७) यांचें वादन ज्यांनीं ‘अलबेला’ या १९५१ च्या, सी. रामचंद्र यांच्या संगीताच्या चित्रपटांत ऐकलें आहे, त्यांना ही तत्परता म्हणजे काय तें निराळें सांगावयास नको. अशा तानेंत एक दट्ट्या क्षणभर मागें राहिला तर सगळी ओळ चिखलांत रुतते.

आणखी एक लहानसा भाग आहे, जो कोणाच्या खिजगणतींत नसतो. दट्ट्यानें नुसतें वर-खालीं व्हावें, स्वतःभोंवतीं फिरूं नये, म्हणून त्याच्या अंगाला एक खुंटी असते; ती नळकांड्यांतील उभ्या खांचेंत धांवते. कारागीर तिला गाईड म्हणतात. पूर्वीं ती धातूचीच असे, आज पुष्कळदां नायलॉनची असते. ती झिजली कीं दट्ट्या चालतांना किंचित् डुलतो, खडखडतो, आणि भोक उंचीनें बरोबर असूनही बाजूला कलतें. हा दोष नमद्यानें कधींही जाणार नाहीं. नवी खुंटी खांचेंत हलकेंच सरकली पाहिजे. घट्ट वाटली तर खुंटीच बारीक कानशीनें किंचित् घासावी, खांचेला हात लावूं नये. खुंटी स्वस्त असते, नळकांडें नव्हे.

दट्ट्या परत घालतांना या खुंटीचें तोंड कोणीकडे होतें, हें लक्षांत ठेवावें. कांहीं वाद्यांत ती एकाच बाजूनें बसते. कांहींत मात्र दट्ट्या अर्ध्या फेऱ्यानें उलटाही बसूं शकतो. नवरदेव घोड्यावर चढला आहे, ढोल सुरू झाला आहे, आणि कॉर्नेटवाला गाल फुगवून फुंकतो तर आवाजच नाहीं! भिंतीवर फुंकल्यासारखी हवा परत येते. प्रत्येक बँडच्या इतिहासांत असा एक तरी प्रसंग असतो. उपाय अर्ध्या मिनिटाचा: टोपण सैल करावें, दट्ट्या थोडा उचलून अर्धा फेरा द्यावा, खुंटी खांचेंत पडल्याचा बारीक आवाज आला कीं टोपण घट्ट करावें.

येथवरचें काम शांत चित्ताच्या मनुष्यास घरीं करतां येतें. दट्ट्याच झिजला असेल तर गोष्ट निराळी. नवा दट्ट्या आणून घातला, असें येथें होत नाहीं. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या वाद्याचा दट्ट्याही बहुधा बसत नाहीं. कारण प्रत्येक दट्ट्या आपापल्या नळकांड्यांतच बारीक खरीच्या लेपानें घासून जुळविलेला असतो. निष्णात कारागीर जुन्याच दट्ट्यावर विजेनें तांब्याचा व निकेलचा थर चढवितात, नळकांडें आंतून एकसारखें गोल करून घेतात, आणि मग दोहोंना घासून केसाहून बारीक मोकळिकीवर आणतात. निकेलच्या मुलाम्याचे पितळी दट्टे, न गंजणाऱ्या पोलादाचे दट्टे, आणि जिच्यांत सुमारें दोन तृतीयांश निकेल व बाकी बहुतेक तांबें असतें त्या मोनेल या मिश्रधातूचे दट्टे, असे त्यांचे मुख्य प्रकार. मोनेल लाळेला दाद देत नाहीं, म्हणून वादक तिला मान देतात. आपल्या देशांत या धंद्याचें माहेर म्हणजे मीरत. तेथें १८८५ सालीं नादिर अली यांची पेढी स्थापन झाली, आणि देशांतील असंख्य लग्नबँडांच्या हातांतील वाद्यें त्याच शहरांतलीं. तिकडचें वाद्य असेल तर सुटे भागही तिकडचेच मागवावे; विलायती वाद्याचे नमदे-स्प्रिंगा त्यांत जशाच्या तशा बसतील असें धरून चालूं नये.

तेलाबद्दल दोन शब्द. आपल्याकडे शिवणयंत्रापासून डोक्यापर्यंत सर्वत्र खोबरेल चालतें, म्हणून तें दट्ट्यालाही लावलें जातें. थंडींत तें गोठतें, लाळेंत मिसळून चिकट होतें, आणि जानेवारीतील पहाटेच्या वरातींत दट्टे जागचे हलत नाहींत. दट्ट्यासाठीं मिळणारें पातळ खनिज तेलच वापरावें, तेंही तीन-चार थेंब, आणि नमद्यावर सांडूं न देतां.

सर्व जुळणी झाल्यावर शेवटची परीक्षा कानानें करावयाची. दट्ट्या न दाबतां त्याची सरकती नळी दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ओढावी, कांहीं सेकंद थांबावें, आणि मग बटण दाबावें. दट्ट्या चांगला बसलेला असेल तर ओढल्यामुळें नळींत झालेली पोकळी तशीच टिकून राहते, आणि वाट उघडतांच बाटलीचें बूच निघाल्यासारखा ‘पॉप्’ असा आवाज येतो. आवाज आला नाहीं, तर हवा झिजलेल्या दट्ट्याच्या कडेनें, किंवा पाणी काढण्याच्या चावीखालील बूच सुकलें असल्यास तेथून, आधींच आंत शिरली आहे. ज्या नळीला अशी चावी असेल तिच्यावरचें बूच आधीं पाहावें. कारण तेंही नमद्याइतकेंच स्वस्त असतें. उतरविलेल्या जुन्या चकत्या टाकून न देतां त्या दट्ट्याचा आंकडा घातलेल्या पाकिटांत ठेवाव्या, आणि बसविलेल्या नव्या चकत्यांची जाडी पाकिटावर लिहून ठेवावी. पुढील दुरुस्तीच्या वेळीं आरशापाशीं बसण्याचा अर्धा वेळ त्यानें वांचतो.